साठीनंतरची पावले आणि हातातला फोन

चालण्याची नोंद ठेवणारे ॲप पहिल्यांदा उघडले की अनेकदा त्यात एक आकडा आधीच मांडून ठेवलेला दिसतो : दिवसाला १०,००० पावले. पंचविशीतल्या तरुणालाही तोच आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून नुकत्याच उठलेल्या बहात्तर वर्षांच्या आजींनाही तोच. हा आकडा कुठल्या वैद्यकीय परिषदेत ठरलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाची हौस वाढली, तेव्हा १९६५ मध्ये यामासा या घड्याळे बनवणाऱ्या कंपनीने पावले मोजणारे, कमरेला लावायचे एक छोटे यंत्र बाजारात आणले. ‘मानपो-केई’ या त्याच्या नावातच दहा हजार पावले होती. आकडा लक्षात ठेवायला सोपा आणि जाहिरातीला शोभणारा होता. पुढे तो कमरेच्या यंत्रातून मनगटावरच्या पट्ट्यात आला, तिथून फोनमध्ये आला आणि लोक त्याला आरोग्याचा नियमच समजू लागले.

२०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १६,७४१ स्त्रियांच्या पावलांचा हिशेब मांडला. या स्त्रियांचे सरासरी वय ७२ होते. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्ये अभ्यासाच्या काळातल्या मृत्यूंचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. पावले वाढली तसा फायदा वाढत गेला आणि ७,५०० च्या आसपास तो थांबला. २०२२ मध्ये १५ अभ्यासांतली ४७,००० हून अधिक माणसे एकत्र घेऊन पुन्हा हिशेब झाला. साठीपुढच्या माणसांसाठी हा टप्पा ६,००० ते ८,००० पावलांच्या दरम्यान निघाला. अशा निरीक्षणांतून कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाही, कारण धडधाकट माणूसच जास्त चालतो ही शक्यता शिल्लक राहते. तरीही एक गोष्ट स्पष्ट झाली. उतारवयात थोडीशी वाढसुद्धा मोलाची असते आणि दहा हजारांच्या खाली असलेला माणूस नापास नसतो.

यंत्रात बसलेला तो आकडा एका बाजूला आणि वार्धक्यातल्या शरीराविषयी जमा झालेले ज्ञान दुसऱ्या बाजूला. या दोहोंतले अंतर हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. मोबाइल ॲपच्या साह्याने साठीपुढच्या माणसांना अधिक हालते-चालते ठेवता येते का, येत असेल तर कुणाला, किती आणि किती काळ, या प्रश्नांवर गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर बरेच काम झाले आहे. मराठीत त्याची सलग ओळख करून देणारे लेखन फारसे झालेले नाही. या कामातून निघणारा निष्कर्ष सुरुवातीलाच सांगितलेला बरा. फोन मोजतो, आठवण करून देतो, व्यायाम दाखवतो. माणूस चालत राहतो तो मात्र ध्येय त्याच्या स्वतःच्या मापाचे असेल आणि त्याच्या चालण्याची दखल घेणारे कुणीतरी असेल तेव्हा.

हा विषय आताच का, याचे उत्तर लोकसंख्येत आहे. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात २०२२ मध्ये साठीपुढची माणसे सुमारे १४ कोटी ९० लाख होती, म्हणजे लोकसंख्येच्या १०.५ टक्के. २०५० पर्यंत ही संख्या ३४ कोटी ७० लाखांवर जाईल आणि दर पाच भारतीयांत एक जण साठीपुढचा असेल, असा अंदाज आहे. याच काळात भारतीयांची हालचाल कमी होत चालली आहे. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात २०२२ साली भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नसल्याचे दिसले. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते, स्त्रियांत ५७ टक्के. दिवसभर घरकामात गुंतलेल्या बाईची गणना हालचाल करणाऱ्यांत आपोआप होते, या समजुतीला हे आकडे धक्का देतात.

वयाबरोबर स्नायू झिजतात. या झिजेला १९८९ मध्ये ‘सार्कोपेनिया’ हे नाव मिळाले. खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागणे, जिना उतरताना कठडा सोडवत नसणे, बसथांब्यावर बस धरता न येणे, ही तिची घरगुती लक्षणे. त्यातून तोल जातो, माणूस पडतो, हाड मोडते, अंथरूण धरावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी जगात सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. आपल्याकडे या झिजेला मायेचाही हातभार लागतो. ‘आता तुम्ही बसा, आम्ही करतो’ असे म्हणत घरचे लोक सासूबाईंच्या हातातली बादली घेतात, वडिलांना भाजी आणायला जाऊ देत नाहीत. प्रेमापोटी दिलेली ही सक्तीची विश्रांती काही वर्षांत पायांतले बळ घेऊन जाते.

दुसरे कारण हातातल्या यंत्राचे. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, करोनाच्या टाळेबंदीत नातवंडांचे चेहरे पडद्यावरच पाहावे लागले आणि कित्येक आजी-आजोबा स्मार्टफोन सराईतपणे हाताळू लागले. सकाळचा शुभसंदेश, कीर्तनाचा व्हिडिओ, विजेचे बिल हे सगळे ज्या फोनवर येते, त्यातच पावले मोजणारा संवेदक बसलेला असतो. नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. म्हणूनच सार्वजनिक आरोग्याचे काम करणाऱ्यांना या फोनकडून मोठी आशा वाटते.

या क्षेत्राची मुळे मात्र फोनच्या कितीतरी आधीची आहेत. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून असे, तर कंडक्टर दुमजली बसचे जिने चढत-उतरत असे. एकाच सेवेतल्या, साधारण सारख्या परिस्थितीतल्या या दोघांपैकी कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. कामातली हालचाल हृदयाला सांभाळते, हा विचार तिथून रुजला. मॉरिस स्वतः व्यायामाचे व्रत पाळत ९९ वर्षे जगले. पुढे अमेरिकेत राल्फ पॅफेनबार्गर यांनी सॅन फ्रान्सिस्कोतले गोदी कामगार आणि हार्वर्डचे माजी विद्यार्थी यांच्यात तेच सूत्र तपासले.

तरी एक शंका उरत होती. हे सगळे कामाच्या वयातल्या माणसांचे झाले. ऐंशी-नव्वदीत व्यायामाचा काय उपयोग? १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धोपचार केंद्रात मारिया फियाटारोन यांनी नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त रहिवाशांकडून आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम करून घेतले. कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांच्या पायांतली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. प्रयोग लहान होता, पण ‘आता काय उरलंय’ ही भाषा त्याने वैद्यकशास्त्रातून हद्दपार केली. २०१४ मध्ये आलेल्या ‘लाइफ’ या मोठ्या चाचणीत ७० ते ८९ वर्षांची, बैठ्या सवयीची १,६३५ माणसे होती. एका गटाला चालणे, ताकद आणि तोल यांचा शिस्तशीर कार्यक्रम दिला आणि दुसऱ्याला आरोग्याची व्याख्याने. सरासरी अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळात ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचे प्रमाण व्याख्यानांच्या गटात ३५.५ टक्के, तर व्यायामाच्या गटात ३०.१ टक्के होते. फरक डोळे दिपवणारा नाही, पण ४०० मीटर म्हणजे कोपऱ्यावरचे दुकान, देऊळ, दवाखाना. तिथवर स्वतःच्या पायांनी जाता येणे याला वार्धक्यात स्वातंत्र्य म्हणतात.

व्यायाम उपयोगी आहे हे ठरल्यावर खरा प्रश्न उरला तो माणसाला व्यायाम करायला लावण्याचा. मोबाइल ॲपचे सारे शास्त्र या प्रश्नाभोवती उभे आहे आणि त्यात आज ढोबळमानाने पाच विचारधारा दिसतात.

पहिली मोजणीची. माणसाला स्वतःची पावले रोज दिसली की तो चालू लागतो, हा तिचा विश्वास. २००७ मध्ये २६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा पावलेमापक वापरणाऱ्यांची हालचाल सुमारे २७ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले आणि रोजचे ध्येय ठरवणे हा त्यातला कळीचा घटक निघाला. इंग्लंडमधली ‘पेस-लिफ्ट’ चाचणी खास ६० ते ७५ वयाच्या माणसांसाठी होती. नेहमीच्या दवाखान्यातली परिचारिका त्यांना पावलेमापक देई, आधी त्यांची स्वतःची सरासरी काढी आणि तिच्यावर हळूहळू वाढ सुचवी. तीन महिन्यांनी पावले दिवसाला हजाराने वाढली होती आणि वर्षानंतरही सहाशेची वाढ टिकून होती. नंतर दक्षिण लंडनमध्ये ४५ ते ७५ वयाच्या हजारभर लोकांवर झालेल्या ‘पेस-अप’ चाचणीत मापक आणि रोजनिशी नुसती टपालाने पाठवली, तरी वर्षभराने परिणाम परिचारिकेइतकाच आढळला. म्हणजे आपल्या मापाचे ध्येय, लिहून ठेवण्याची सवय आणि मागे उभा असलेला ओळखीचा दवाखाना यांनी बरेच काम भागते. २००९ नंतर आलेले मनगटी पट्टे आणि २०१३ पासून फोनमध्येच बसलेले पावले मोजणारे भाग हे याच परंपरेचे वारस.

दुसरी विचारधारा शिकवणीची. तिच्या मते उतारवयात नुसते चालणे पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात : पासष्टीपुढच्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल करावी, किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम करावेत आणि किमान तीन दिवस तोल व ताकद या दोन्हींवर भर देणारी हालचाल करावी. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात घरच्या घरी करायचा असा कार्यक्रम तयार झाला आणि त्याने पडण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटवले. तो माणसाच्या भेटींवर आधारलेला होता. ऑस्ट्रेलियात किम डेलबेअर आणि सहकाऱ्यांनी ‘स्टँडिंगटॉल’ हा कार्यक्रम टॅब्लेटवर आणला आणि सत्तरीपुढच्या ५०३ माणसांवर दोन वर्षे तपासला. पहिल्या वर्षाअखेर पडण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. दोन वर्षांचा हिशेब केला तेव्हा ते १६ टक्क्यांनी कमी भरले. तोल सुधारायला वेळ लागतो आणि ॲपही तितका वेळ जवळ राहायला हवे, हा या चाचणीचा धडा.

तिसरी बक्षिसांची. सिंगापूरने २०१५ मध्ये ‘राष्ट्रीय पावले आव्हान’ सुरू केले. नागरिकांना मोजणीचे पट्टे दिले, सरकारी ॲपवर गुण जमा केले आणि गुणांच्या बदल्यात खरेदीची कुपने दिली. जपानच्या योकोहामा शहरानेही २०१४ पासून पावलांसाठी गुण देण्याची योजना राबवली. आरंभ जोरात होतो हे खरे; प्रश्न नंतरचा आहे. सिंगापूरमध्येच ८०० नोकरदारांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोख बक्षिसांनी हालचाल वाढली, पण बक्षीस बंद झाल्यावर ती वाढ टिकली नाही. याउलट २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत पैशाऐवजी घरातली माणसे गुंतवली होती. आठवड्याच्या सुरुवातीला प्रत्येक कुटुंबाला गुण दिले जात. रोज एका सदस्याची निवड होई आणि त्याने ध्येय गाठले नसेल तर साऱ्या घराचे गुण कापले जात. बारा आठवड्यांत या कुटुंबांची पावले तुलनेच्या गटापेक्षा दिवसाला सुमारे ९५० ने अधिक वाढली.

चौथी संगतीची. स्टॅनफर्डच्या ॲबी किंग यांनी स्मार्टफोन नव्यानेच हाती घेणाऱ्या, पंचेचाळिशीपुढच्या बैठ्या माणसांसाठी तीन वेगवेगळी ॲप करून पाहिली. एक आकडे आणि ध्येय दाखवी, दुसऱ्यात आपल्या गटातले इतर लोक किती हलले हे दिसे, तिसऱ्यात पडद्यावरचा एक पक्षी माणसाच्या हालचालीप्रमाणे खुले किंवा मलूल होई. आठ आठवड्यांत मध्यम ते जोरकस हालचालीत सर्वाधिक वाढ झाली ती इतरांची साथ दाखवणाऱ्या ॲपच्या गटात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांनीच कॅलिफोर्नियातल्या सामुदायिक केंद्रांत पन्नाशीपुढच्या २४५ लॅटिनो रहिवाशांसाठी ‘कार्मेन’ नावाची आभासी सल्लागार संगणकावर बसवली. ती स्पॅनिशमध्येही बोले. वर्षभरानंतर कार्मेनकडून सल्ला घेणाऱ्यांचे चालणे प्रशिक्षित माणसांकडून सल्ला घेणाऱ्यांपेक्षा कमी पडले नाही. यंत्राने यश मिळवले खरे. मात्र ते लोकांच्या भाषेत, त्यांच्या नेहमीच्या केंद्रात आणि त्यांच्याच वस्तीत.

पाचवी विचारधारा नेमक्या वेळेची. फोनला वेळ, जागा आणि हवामान कळते. मग सूचना तेव्हाच द्यावी जेव्हा माणूस उठू शकेल. प्रेडराग क्लास्न्या, सुसान मर्फी आणि सहकाऱ्यांच्या ‘हार्टस्टेप्स’ प्रयोगात चालण्याची सूचना आल्यावर पुढच्या अर्ध्या तासातली पावले सुमारे २४ टक्क्यांनी वाढली, पण आठवडे उलटले तसा सूचनांचा प्रभाव ओसरत गेला. यातले सहभागी तरुण आणि मध्यमवयीन होते. दुपारी वामकुक्षी घेणाऱ्या, सांध्यांच्या दुखण्याप्रमाणे दिवस आखणाऱ्या ज्येष्ठांसाठी नेमकी वेळ कोणती, हे काम अजून व्हायचे आहे.

या धारांच्या मुळाशी मानसशास्त्रातले जुने विचार आहेत. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास, डेसी आणि रायन यांचा स्वयंप्रेरणेचा सिद्धान्त, आणि सुसान मिची व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेली क्षमता, संधी आणि इच्छा यांची चौकट. या शेवटच्या चौकटीतून ज्येष्ठांच्या ॲपचा प्रश्न फार नीट दिसतो. बहुतेक ॲप इच्छेवर काम करतात. गुडघा दुखत असेल तर क्षमता नसते आणि फुटपाथ उखडलेला असेल तर संधी नसते. आठवणीची घंटा कितीही वेळा वाजली तरी या दोन गोष्टी बदलत नाहीत.

एकूण पुरावा किती भक्कम आहे? २०१९ मध्ये फक्त ज्येष्ठांवरच्या ॲप चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा निकषांत बसणाऱ्या केवळ सहा चाचण्या सापडल्या, मिळून पाचशेहून कमी माणसे. कल अनुकूल होता, पण सांख्यिकीच्या कसोटीवर ठामपणे उतरणारा नव्हता. सर्व वयोगटांतल्या मनगटी यंत्रांचा २०२२ चा व्यापक आढावा अधिक उत्साहवर्धक आहे. त्यात दिवसाला सुमारे १,८०० पावलांची वाढ दिसते. मात्र बहुतेक चाचण्या काही महिन्यांच्या असतात आणि त्यांत मुळातच उत्साही, शिकलेली, बऱ्यापैकी निरोगी माणसे भाग घेतात. ज्यांना सर्वाधिक गरज, ती माणसे अभ्यासाच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत.

मोजणी किती खरी, हाही प्रश्न आहे. फोनमधला संवेदक शरीराच्या हिसक्यांची लय ओळखून पाऊल मोजतो. संथ, पाय ओढत चालणाऱ्या किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाचा हिसका क्षीण असतो, त्यामुळे त्याची पावले निसटतात. जो सर्वांत कष्टाने चालतो त्याचीच बेरीज कमी भरते. शिवाय साडीला खिसा नसतो. घरात दिवसभर वावरणाऱ्या आजींचा फोन ओट्याजवळ किंवा चार्जिंगला लावलेला असतो आणि त्यांची अर्धीअधिक पावले कुठेच नोंदली जात नाहीत. ज्या प्रयोगशाळांत ही ॲप घडतात तिथे हा विचार फारसा झालेला दिसत नाही.

भारतातला अनुभव तुटपुंजा असला तरी बोलका आहे. चेन्नईच्या ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३५ ते ५५ वयाच्या ५३७ पुरुषांवर चाचणी केली. एका गटाला आहार आणि हालचालीविषयी साधे लघुसंदेश नियमित पाठवले. २०१३ मध्ये आलेल्या निष्कर्षांत या गटातला मधुमेहाचा धोका ३६ टक्क्यांनी कमी होता. स्मार्टफोन नाही, ॲप नाही. साध्या फोनवर येणारे चार शब्द. सरकारने २०१९ मध्ये ‘फिट इंडिया’ चळवळ आणि २०२१ मध्ये तिचे ॲप आणले. त्याच वर्षीच्या योगदिनी आयुष मंत्रालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांचे ‘एमयोगा’ ॲप आले. ते १२ ते ६५ या वयोगटासाठी आहे. ज्या वयात तोल सांभाळणाऱ्या आसनांची गरज वाढते, तिथेच त्याची मर्यादा संपते.

महाराष्ट्राजवळ मात्र एक भांडवल आहे जे सिंगापूरला विकत घेता येणार नाही. गावोगावी आणि पेठापेठांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, विरंगुळा केंद्रे आहेत, बागेतल्या ठरलेल्या बाकांवर जमणारे गट आहेत. पुण्यात पर्वतीच्या पायऱ्यांवर आणि मुंबईत शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती पहाटे भेटणारी मंडळी एकमेकांची गैरहजेरी पहिल्याच दिवशी टिपतात. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये अंधेरीच्या लोखंडवाला परिसरात मोजक्या माणसांनिशी सुरू केलेला हास्यक्लब इथून जगभर गेला. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट दरवर्षी असंख्य साठीपुढची माणसे दिंडीच्या सोबतीने चालून जातात. चौथ्या विचारधारेने प्रयोगशाळेत जे शोधले ते इथे रोजच्या जगण्यात आहे. ॲप बनवणाऱ्यांनी या गटांना पर्याय शोधू नये, त्यांच्या हाती आणखी एक साधन द्यावे, ही या पुस्तकाची आग्रहाची भूमिका आहे. कार्मेनसारखी मराठी बोलणारी सल्लागार एखाद्या विरंगुळा केंद्रात बसवून पाहायला आज तंत्राची अडचण नाही.

अडचणी आहेत त्या वेगळ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांपैकीही केवळ ५४ टक्के स्त्रियांजवळ स्वतः वापरायचा मोबाइल होता. त्यांच्या सासवांची आणि आयांची स्थिती याहून बरी असण्याचे कारण नाही. मराठीत उपलब्ध असलेल्या बऱ्याच ॲपची मराठी यांत्रिक भाषांतराची असते, अक्षर बारीक असते, बटणे एकमेकांना चिकटलेली असतात. माहितीच्या मालकीचा प्रश्नही गंभीर आहे. माणूस किती चालतो, केव्हा घराबाहेर पडतो, त्याची चाल केव्हा मंदावली, ही माहिती डॉक्टरांना उपयोगी तशीच विमा विकणाऱ्यालाही मोलाची. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, पण ‘मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवणाऱ्या सत्तर वर्षांच्या माणसाला आपण काय मान्य केले हे त्याच्या भाषेत कुणी समजावून सांगत नाही.

या पार्श्वभूमीवर प्रस्तुत पुस्तक काय करू पाहते, हे सांगायला हवे. कुठले ॲप घ्यावे याची ही यादी नाही. ॲप दर वर्षी बदलतात आणि आजची शिफारस उद्या बाजारातून गेलेली असते. ॲप पारखायचे कसे, ही दृष्टी वाचकाला देणे हा पुस्तकाचा हेतू आहे. ध्येय कोण ठरवते, ताकद आणि तोल यांना जागा आहे का, दुखणे सांगायची सोय आहे का, माहिती कुठे जाते, चार दिवस खंड पडला तर ॲप कसे वागते, हे प्रश्न पुस्तकभर वेगवेगळ्या अंगांनी येतात. वृद्धचिकित्सा, भौतिकोपचार, मानसशास्त्र, संगणकशास्त्र आणि सामाजिक कार्य अशा क्षेत्रांतली दृष्टी इथे एकत्र आणली आहे. त्यांच्यात मतभेद आहेत आणि ते झाकलेले नाहीत. कुणाला बक्षिसांत दम वाटतो, कुणाला ती सवयीची शत्रू वाटतात. कुणी मनगटी यंत्राचा पुरस्कार करतो, कुणी साध्या लघुसंदेशावर भर देतो. वाचकाने हे वाद त्यांच्या पुराव्यासकट पाहावेत अशी अपेक्षा आहे.

पुस्तक तिघांसाठी आहे : स्वतः ज्येष्ठ असलेल्यांसाठी, त्यांच्या मुलासुनांसाठी आणि लेकी-जावयांसाठी, आणि दवाखान्यात, संघात, नगरपालिकेत ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्यांसाठी. शास्त्रीय संज्ञा जिथे टाळता आल्या तिथे टाळल्या आहेत. प्रत्येक दाव्यामागे चाचणी आहे की निरीक्षण, सहभागी माणसे कोणत्या वयाची होती आणि परिणाम किती महिने टिकला, हे सांगण्याचा कटाक्ष ठेवला आहे. या क्षेत्रात आशा विकणारे पुष्कळ आहेत, म्हणून ही शिस्त गरजेची होती.

पुस्तक वाचून झाल्यावर वाचकाने एक काम जरूर करावे. घरातल्या ज्येष्ठाच्या फोनमध्ये ॲप असेल तर त्यातला दहा हजारांचा आकडा आधी काढून टाकावा. पहिला आठवडा फोन कमरेच्या बटव्यात ठेवून नुसती नोंद घ्यावी, सरासरी काढावी आणि तिच्यावर पाचशे-हजार पावलांची वाढ ठरवावी. खुर्चीतून उठबस आणि कठडा धरून तोल सांभाळण्याचे व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञाला विचारून त्याला जोडावेत. छातीत दुखणे, चक्कर, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा वारंवार पडणे असेल तर डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. आणि रोज संध्याकाळी, फोनने विचारण्याआधी, ‘आज कुठवर जाऊन आलात?’ असे घरातल्या कुणीतरी विचारावे.